उकड्याला आलेले मोड

मोरखारच्या तुळसाबाई केणे यांनी विद्यापीठाचा उल्लेख विद्यापीठ म्हणून कधी केला नाही. त्यांच्या लेखी ती खळ्यावरची बिल्डिंग होती. डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीच्या काठी, जिथे आज जीवशास्त्र विभागाची काचेची इमारत उभी आहे, तिथे एके काळी गावाचे सामाईक खळे होते. पेंढ्या झोडपून झाल्या की वारा कोणत्या बाजूने येतो ते पाहून बायका सुपे घेऊन उभ्या राहत. खळे कुणाच्या एकट्याच्या नावावर नव्हते, त्यामुळे ते गेले तेव्हा कुणा एकट्याचे काही गेले नाही, आणि म्हणून कुणी भांडलेही नाही. तुळसाबाई भांडल्या. भूमिपूजनाच्या दिवशी मांडवाच्या दारात उभ्या राहून त्यांनी पाहुण्यांना विचारले होते, "तुमचे देवघरान आमी चुली मांडल्या तर चालतील का?" पाहुण्यांनी हसून नमस्कार केला. त्या दिवशी त्यांनी सांगून टाकले की या जागेवर पुन्हा पाऊल ठेवणार नाही. गावातल्या मुलांना तिथे पहारेकऱ्याची कामे मिळाली, गावातल्या सुना तिथे फरशी पुसू लागल्या. तुळसाबाई ओट्यावर बसून हे सारे बघत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत राहिल्या.

त्यांचा हा वैरभाव वृत्तपत्रांना आवडेल असा नव्हता. त्यात गरिबीचा कळवळा नव्हता. घराला तीन मजले होते. त्या कुणावर अन्याय झाला म्हणून रागावत नसत. आपल्याला कुणी मोजत नाही, एवढ्यावरून रागावत, आणि तो राग वर्षानुवर्षे मिठात घातल्यासारखा टिकवत. विद्यापीठाशी त्यांचे वैर हे त्यांच्या वैरांपैकी धाकटे. थोरले वैर सख्ख्या दिराशी, काळुराम केणे यांच्याशी.

त्याचे मूळ समजण्यासाठी खारजमिनीची एक रीत सांगावी लागेल. खाडीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून बाहेरून मातीचा बांध असतो, आणि पावसाचे पाणी बाहेर जावे म्हणून त्या बांधात फळ्या लावलेली वाट असते. तिला उघाडी म्हणतात. ओहोटीला फळ्या काढायच्या, भरतीला बसवायच्या. उधाणाच्या दिवसांत तर डोळ्यात तेल घालून बसवायच्या. हे काम घराघराच्या पाळीने चाले. ज्या घरात मयत झालेले असेल त्याची पाळी पुढच्या घराकडे जाई. ज्या श्रावणात तुळसाबाईंचे पती राघो वारले, त्याच श्रावणात अमावास्येचे उधाण आले आणि पाळी काळुरामची होती. राघो हे काळुरामचे थोरले भाऊ. सुतक दोन्ही घरांना. काळुराम म्हणाला, मी सुतकात, पाळी पुढे गेली. पुढचा म्हणाला, मला कुणी निरोप दिला नाही. फळ्या उघड्या राहिल्या. राघोच्या वाट्याची जमीन सखल. तीवर खाडीचे पाणी चढले आणि उतरायला इतके दिवस लागले की पोटरीत आलेले भात उभ्याउभ्या कुजले. काळुरामची जमीन उंचवट्याला होती. ती वाचली.

त्या भाताचे नाव राता. सोलल्यावर दाणा तांबडा निघतो, म्हणून राता. मीठ सोसणारे हे वाण काठावरच्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या घरच्या घरी राखले. ते बाजारात मिळत नाही. ज्याचे पीक बुडाले त्याचे पुढच्या वर्षाचे बीही बुडाले. अशा घराने दुसऱ्याच्या दारात सूप घेऊन जायचे, आणि दुसऱ्याने नाही म्हणायचे नाही, ही देखील रीतच. तुळसाबाई सूप घेऊन कुणाच्या दारात गेल्या नाहीत. राता पेरणारी घरे गावात दोनच उरली होती, त्यामुळे त्याचे बी आता एकाच घरात होते, आणि ते घर काळुरामचे होते. त्यांनी कल्याणच्या दुकानातून साधे बियाणे आणले, वरच्या तुकड्यात लावले, खालचा तुकडा मोकळा सोडला आणि कणगीवर झाकण ठेवले. दाणा सोलून पाहिल्याखेरीज रंग कळत नाही. केण्यांच्या थोरल्या घरचे बी बुडाले, ही गोष्ट तुळसाबाईंनी सुनेलाही सांगितली नाही.

काळुरामला मात्र ती सांगावी लागली नाही. बीजाचा शेजार असतो. कुणाकडे काय उरले, ते शेजाऱ्याला कळतेच. त्याने ती गोष्ट मनात ठेवली. दोन्ही घरे एका भिंतीने चिकटलेली, आणि त्या भिंतीच्या अलीकडचे पलीकडच्यांच्या लग्नालाही जात नसत.

तुळसाबाईंची नात करिश्मा ही गावातली विज्ञानात संशोधन करणारी पहिली मुलगी. तिने ते शिक्षण घेतले खळ्यावरच्याच बिल्डिंगमध्ये, याचे आजीने कधी कौतुक केले नाही आणि कधी अडवलेही नाही. करिश्माचे मार्गदर्शक डॉ. विनीत सबनीस हे तडफदार गृहस्थ. वाढते समुद्रपाणी, खारवत चाललेली जमीन, तीत तगणारी देशी वाणे, असा त्यांचा प्रकल्प होता. मोरखारचा राता हवा होता, आणि विद्यार्थिनी मोरखारचीच. ते स्वतः करिश्मासोबत तुळसाबाईंच्या ओट्यावर आले, खुर्ची नाकारून खाली बसले आणि म्हणाले, "आजी, तुमच्याकडचं बी आम्हाला दिलंत तर देशाचं काम होईल."

"देशाना इतके दिवस भूक नव्ती का?" तुळसाबाई म्हणाल्या.

डॉ. सबनीस मनापासून हसले. त्यांना वाटले, आपले स्वागत झाले.

बी मागायला आलेल्याला रिकामे परतवणे अशुभ. मग ज्याला द्यायचे नाही त्याचे काय करायचे, यावरही खारगावांनी उपाय काढलेला आहे: त्याला उकडा द्यायचा. उकडून वाळवलेले भात. टरफल तसेच, वजन तसेच, फक्त जीव गेलेला. जाणता मनुष्य दाणा दाताखाली धरतो, समजून जातो आणि निमूट घरी जातो. नकारही दिला जातो आणि दारातून रिकामेही कुणी जात नाही. तुळसाबाई आत गेल्या, दुकानी बियाण्याच्या पिकाचे, तेही घरी खायला म्हणून उकडून ठेवलेले भात त्यांनी फडक्यात बांधले आणि आणून डॉक्टरांच्या हाती दिले. डॉक्टरांनी दोन्ही हात पुढे करून ते घेतले. कुणी काही दाताखाली धरले नाही. पाकिटावर गाव, शेताचे ठिकाण आणि दात्याचे नाव त्याच संध्याकाळी चढले: श्रीमती तुळसाबाई राघो केणे.

पुढचे दीड वर्ष तुळसाबाई सुखात होत्या. खळे घेणाऱ्यांना आपण उकडा खिलवला, हे त्यांना येताजाता आठवे आणि चहा गोड लागे.

मग एका सकाळी गावच्या कमानीवर फलक चढला. एका बाजूला कुलगुरू, एका बाजूला नगरसेवक, मध्ये आधारकार्डावरून मोठा केलेला तुळसाबाईंचा चेहरा. मजकूर असा की मोरखारच्या राता भातात मुळाशीच मीठ अडवून धरणारा, ते पानापर्यंत चढू न देणारा गुणसूत्राचा तुकडा विद्यापीठाच्या संशोधकांनी शोधून काढला असून त्याची नोंद जागतिक पातळीवर घेण्यात आली आहे, आणि ज्यांच्या कणगीतून हे वाण मिळाले त्या बीजरक्षक मातेचा कुलगुरूंच्या हस्ते सत्कार होणार आहे. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर 'अलीकडील संशोधन व यश' या सदरात हीच बातमी होती. त्या सदरातील भाषेचा नमुना अभ्यासण्याजोगा आहे: तिथे कुणी काही चुकत नाही, कुणाला काही उशिरा कळत नाही, आणि प्रत्येक शोध परंपरेला साजेसा असतो.

दुसऱ्या दिवशी त्या फलकाच्या खिळ्याला एक पारदर्शक पिशवी टांगलेली आढळली. आत मूठभर उकडे भात.

काळुराम देवळाच्या कट्ट्यावर बसला होता. तुळसाबाई मासळी घेऊन परतत होत्या. इतक्या वर्षांत तो त्यांच्याशी पहिल्यांदा बोलला.

"वयनी, आयकला ते खरा का? उकड्याना मोड आलं?"

कट्ट्यावरचे सगळे हसले. तुळसाबाई थांबल्या नाहीत, पण घरी पोचेपर्यंत त्यांनी सगळा हिशेब जुळवला होता. आपण दिलेल्या भाताला मोड येणे शक्य नाही. विद्यापीठाला राता मिळाला आहे. गावात राता एकाच घरात होता. आणि आपण उकडा दिला हे बाहेर फक्त त्यालाच कळेल, ज्याच्याकडे नंतर कुणीतरी खरे बी मागायला गेले असेल.

करिश्मा प्रयोगशाळेतून आली तेव्हा आजी स्वयंपाकघरात पाटावर बसली होती.

"त्याचे दारान जेलतीस?"

करिश्माने पर्स खाली ठेवली. "गेलेली."

"कवा?"

"तू दिलेल्याला एक पण मोड नाही आला तेव्हा. आठवडाभर बघत बसलेली मी. मग वास घेतला. भाताचा घरात येतो ना, तसाच वास. अगं, सरांना काय सांगणार होते? माझ्या आजीने तुम्हाला मूर्ख बनवलं?"

"सांगायचा व्हता. मी कशाला दिला तो?"

"आणि पीएचडी? दुसरीकडचा राता आणला असता तर गाव बदललं असतं, सगळं पहिल्यापासून. कालू आजाने काहीच विचारलं नाही. सूप भरून दिला. एवढंच बोलला, नाव माझं लिही."

"नि तू माजा लिवलास."

"पाकिटावर आधीच होतं. बदलायला गेले असते तर सरांनी कारण विचारलं असतं. आणि घरी तुला कळलं असतं." करिश्मा थांबली. "तुझ्याकडे राता नाहीच, हे मला त्याने सांगितलं. मला वाटलेलं, तू फक्त द्यायचा नाही म्हणून नाही दिलास."

तुळसाबाईंनी कोलंबीचे टोपले पुढे ओढले. अपमानाचा हा भाग त्यांच्या हिशेबात आला नव्हता. नातीला दीड वर्ष ठाऊक होते, आणि ती त्यांच्याच ताटात जेवत होती.

यापुढची अडचण करिश्माची होती आणि ती साधी होती. काळुरामने मुलगा हितेश याच्याकडून अर्ज टंकून घेतला होता: नमुना माझ्या घरचा असून खोट्या नावाने दाखवण्यात आला आहे. सत्काराच्या दिवशी भर सभेत तो कुलगुरूंच्या हाती देणार, असे त्याने कट्ट्यावर जाहीर केले होते. नमुन्याचे मूळ खोटे नोंदवणे हा संशोधनात गैरव्यवहार ठरतो. तक्रार बाहेरून आली तर चौकशी, आणि चौकशीत आधी विद्यार्थी जातो.

करिश्मा डॉ. सबनिसांकडे गेली. त्यांनी दार लावून घेतले आणि सगळे शांतपणे ऐकले.

"वाण तेच आहे?"

"हो, सर."

"गाव तेच. आडनावही तेच. मग विज्ञानात काय बदललं?"

"नाव, सर."

"निबंध प्रसिद्ध झालाय, करिश्मा. विद्यापीठाच्या वार्षिक अहवालात तो पहिल्या पानावर आहे. आता मी संपादकांना कळवू की माझ्या विद्यार्थिनीच्या घरात भांडण होतं?" त्यांनी चष्मा पुसला. "ज्या बाईंचं नाव आहे त्या स्वतः पुढे येऊन म्हणाल्या, की हा नमुना माझा नव्हे, नोंदीत चूक झाली, तर दुरुस्ती छापता येईल. दुरुस्ती सगळ्यांच्याच निबंधांना लागते. त्या म्हणतील?"

घरी आल्यावर करिश्माने हे संभाषण आईला सांगितले, भिंतीपलीकडे जाणार नाही इतक्या हळू, पण स्वयंपाकघरापर्यंत पोचेल इतक्या मोठ्याने. आजीकडे तिने काही मागितले नाही. मागितले असते तर मिळाले नसते, हे दोघींनाही माहीत होते. तुळसाबाईंनी त्या आठवड्यात नातीशी एक शब्द काढला नाही. तिचे ताट वाढून ठेवत आणि उठून जात.

इथे त्यांच्यापुढे जे होते ते नीट मांडले पाहिजे. गप्प राहिल्या असत्या तर शाल मिळाली असती, काळुराम सभेत उभा राहिला असता आणि नातीची पीएचडी गेली असती. बोलल्या असत्या तर कबूल करावे लागले असते की थोरल्या घरचे बी बुडाले, धाकट्याचे तगले, आणि इतकी वर्षे झाकलेल्या कणगीत दुकानातला माल होता. खारगावात याहून मोठी नामुष्की नाही. एका उधाणात सगळे गमावलेल्या बाईने जे एक राखले होते, तेच तिला आता वैऱ्याच्या पदरात टाकायचे होते. सुनेने एकदा धीर करून म्हटले, "आत्या, तब्येतीचं कारण सांगून सत्कार रद्द करूया." तुळसाबाई म्हणाल्या, "मी मेलो तरी तो उबा ऱ्हानारच हाय. तो माज्या मयताना बी अर्ज घेऊन येल."

सत्काराच्या दिवशी त्यांनी ठेवणीतले लुगडे नेसले, अंबाड्यात अबोली माळली आणि रिक्षा नाकारून त्या चालत निघाल्या. फाटकाशी गावातलाच पहारेकरी होता. तो म्हणाला, "काकी, तुमी? हितं?" त्यांनी त्याला बाजूला व्हायला सांगितले.

सभागृह थंडगार होते. पडद्यावर रात्याची मुळे कित्येक पटींनी मोठी करून दाखवलेली, जांभळ्या रंगात. डॉ. सबनिसांनी मुळांच्या बाहेरच्या थरात मीठ कसे रोखले जाते ते सोप्या भाषेत, खरोखर चांगले समजावले. काळुराम दुसऱ्या रांगेत हितेशशेजारी बसला होता. सदऱ्याच्या खिशातून अर्जाची घडी वर दिसत होती. करिश्मा भिंतीशी उभी होती. बीजरक्षक माता म्हणून नाव पुकारले गेले, कुलगुरू शाल उलगडून पुढे आले, आणि तुळसाबाईंनी तळहात वर करून त्यांना होते तिथे थांबवले. ध्वनिवर्धकाशी कसे बोलावे हे त्यांना माहीत नव्हते. त्या ओट्यावर बोलत तशाच बोलल्या, त्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेले.

"यो राता माजा नाय. मी या मास्तराना उकडा दिलता. उकड्याना मोड येत नाय, ते पोरीना कलला. तिना खरा बी आनला तो या कालुरामचे घरशी. माज्या घरान राता नाय. बुडला. माजा नाव खोडा नि याचा लिवा. शाल याना घाला."

डॉ. सबनीस अर्धे उठले. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना. काळुरामचा हात खिशाकडे गेला होता तो तिथेच राहिला.

"नि शाल घालून झाली की याना इचारा," तुळसाबाई म्हणाल्या, "माजा राता बुडला तो कसा. उघाडीची पाली कोनाची व्हती. हितंच इचारा. या जागेवर माजे घरचा भात झोडलेला हाय."

काळुराम उभा राहिला. "सुतक व्हता मना. माजा सका भाव मेलता."

"भाव मेलता. दर्या नव्ता मेला."

"पाली पुडं जेलती. सगल्या गावाना ठाव हाय."

"कोनाला निरोप दिलतास? नाव सांग त्याचा. हाय हितं बसलेला?"

काळुरामने मागे वळून पाहिले. गावातले लोक मागच्या रांगांत होते. सगळ्यांच्या नजरा पडद्यावरच्या जांभळ्या मुळांवर होत्या. कुलगुरूंनी, गोंधळ मिटवण्याचा तोच एक मार्ग दिसल्यामुळे असेल, पुढे होऊन शाल काळुरामच्या खांद्यांवर टाकली. छायाचित्रकाराने आपले काम केले. त्या छायाचित्रात काळुरामचे तोंड उघडे आहे आणि बोट तुळसाबाईंवर रोखलेले आहे.

अर्ज त्याच्या खिशातच राहिला. त्यात लिहिलेले सगळे आधीच बोलून झाले होते, आणि जे बोलून झाले नव्हते त्याला अर्जात जागा नव्हती. डॉ. सबनिसांनी समारोपात सांगितले की लोकसहभागातून अशी पारदर्शकता येते, आणि हेच या विद्यापीठाचे वैशिष्ट्य आहे. संकेतस्थळावरच्या चित्रफितीत तुळसाबाई फक्त "शाल याना घाला" एवढेच म्हणतात. त्याखाली दोन कुटुंबांतील सलोख्याविषयी एक वाक्य आहे. सलोखा झालेला नाही. गणपतीत काळुरामच्या आरतीचा आवाज वाढला की तुळसाबाई आजही त्या बाजूची खिडकी लावून घेतात. गावात मात्र एक बदल झाला: उघाडीच्या त्या श्रावणाबद्दल लोक आता काळुरामच्या तोंडावर बोलतात, आणि केण्यांच्या थोरल्या घरच्या कणगीबद्दल तुळसाबाईंच्या तोंडावर. दोघेही कट्ट्यावरून जाताना वेग वाढवतात.

दोन महिन्यांनी दुरुस्ती छापून आली. करिश्माचा प्रबंध स्वीकारला गेला तो त्यानंतर. दुरुस्तीचा मजकूर तिने ओट्यावर बसून आजीला मराठीत सांगितला: नमुन्याच्या दात्याचे नाव नजरचुकीने अन्य नोंदले गेले होते, ते श्री. काळुराम केणे, मोरखार, असे वाचावे. लेखकांना या चुकीबद्दल खेद आहे. निष्कर्षांत काही फरक पडत नाही.

तुळसाबाई सुकट निवडत होत्या.

"उघाडीचा लिवलाय?"

"नाही गं. तिथे तसलं काही लिहीत नाहीत."

"मंग परत लिवायला सांग," तुळसाबाई म्हणाल्या, आणि सुकटीतला कचरा त्यांनी मधल्या बुटक्या भिंतीवरून काळुरामच्या ओट्यावर झटकला.